उंबऱ्याशी थांबणारा किडा

मिरजेच्या भंगार मंडळात एक खेळ चालायचा. तो खेळ भूपाल मगदुमांनीच सुरू केला होता आणि त्याचे नियमही त्यांनीच केले होते. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा बोल दुसऱ्या कुणाला लावायची सोय त्यांना उरली नव्हती.

मंडळ कसलं, सात-आठ रिकामटेकड्या माणसांचा घोळका होता तो. दर रविवारी सकाळी दहा वाजता ही माणसं एका वाचनालयाच्या गच्चीवर जमायची, सतरंजी टाकायची आणि मोडक्या यंत्रांची आतडी उपसत बसायची. मिरज हे दवाखान्यांचं गाव, तिथं निकामी यंत्रांना तोटा नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र, सीडी प्लेअर, बागेतल्या दिव्यावरची सूर्यपट्टी, छत्रीच्या काड्या, जे हाताला लागेल त्यातून ते छोटे छोटे यंत्रमानव बनवायचे. मानव म्हणणं जरा जास्तच झालं. तळहातावर मावेल एवढा जीव, काड्यांचे चार पाय, दोन मोटरी. ना त्याला संगणक, ना कसला प्रोग्रॅम. सूर्यपट्टीवर ऊन पडलं की कपॅसिटरमध्ये थोडी थोडी वीज साठायची, तो भरला की मोटरला हिसका बसायचा आणि एक पाऊल पुढं पडायचं. पुन्हा साठवण, पुन्हा पाऊल. मंडळी त्याला किडा म्हणायची. गाव मंडळींना किडेवाले म्हणायचं, आणि त्यात गावाचं काही चुकत नव्हतं.

आता खेळाचं सांगायचं तर थोडं यंत्रांच्या पोटात शिरावं लागेल. गेल्या सात-आठ वर्षांत बाजारात आलेल्या बहुतेक यंत्रांत स्मृतिरोधक नावाचा प्रकार असतो. साधा रोधक विजेला ठरावीक अडथळा करतो, काल जेवढा तेवढाच आज. स्मृतिरोधकाचं तसं नाही. त्याच्यातून आजवर किती वीज वाहिली आणि कुठल्या बाजूनं वाहिली, यावर त्याचा अडथळा ठरतो. रानातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, तसंच हे. जिथून वीज वारंवार गेली तिथून ती पुढं सहज जाते, जिथून जायची थांबली ती वाट हळूहळू बुजते. बॅटरी संपली, यंत्र भंगारात गेलं, तरी वाटा जशाच्या तशा राहतात. असे हजारो रोधक नखाएवढ्या तुकड्यात बसवले की तो तुकडा कुणी न शिकवता मालकाच्या सवयी शिकतो.

असा तुकडा दुसरीकडं वापरण्याआधी शहाणी माणसं तो धुऊन घेतात. धुणं म्हणजे उलट्या बाजूनं विजेचा एक सणसणीत झटका द्यायचा, की पाटी कोरी. मगदुमांचा खेळ असा, की तुकडा धुवायचा नाही. तसाच किड्याला बसवायचा, किडा कसा चालतो ते सगळ्यांनी बघायचं आणि तुकड्याचा मागचा जन्म ओळखायचा. चार पावलं डावीकडं गोल फिरून थबकला आणि मग उजवीकडं फिरला, की ओळखावं, धुण्याचं यंत्र. ठरावीक अंतर जाऊन उगीच दम घेत उभा राहिला, की लिफ्ट. पोटभर हसायचे सगळे. भंगार एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि पेटीचा नियम कडक होता. कुणी काय टाकलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही आणि टाकलेलं परत मागायचं नाही. नियम कसले, खेळ टिकावा एवढाच त्यात हेतू.

मगदूम रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते, चौतीस वर्षं. एकदा सिग्नलच्या खांबावरून पडले तेव्हापासून उजवा गुडघा ताठ झालेला, चालताना उजवी टाच फरशीवर ठाण् करून आपटायची. नोकरीनं त्यांना दुसरी एक खोड लावली होती, घड्याळाची. दोन मिनिटं म्हणजे त्यांच्या लेखी दोनच मिनिटं असत.

त्यांच्या पत्नीला, त्रिशलाबाईंना, शेवटची सहा वर्षं पार्किन्सन होता. या आजारात चालणं मध्येच गोठतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात, उंबऱ्यापाशी, वळताना. पाऊल उचल हा हुकूम मेंदूला आतून देता येत नाही. पण बाहेरून कुणी ठेका दिला तर त्या ठेक्यावर पाऊल उचललं जातं. यासाठी तेव्हा चालपट्टी निघाली होती. पोटरीला बांधायची, आत एक बारीक डोळा खालची जमीन बघणारा, एक चकती फरशीची थरथर ओळखणारी आणि मध्ये तो शिकणारा तुकडा. पेशंट कुठं थांबतो, कशानं थांबतो, कशानं सुटतो, हे तुकडा दिवसागणिक शिकायचा आणि वेळेवर पोटरीला हलकेच गुदगुली करायचा. डॉक्टरांनी मगदुमांनाही एक युक्ती दाखवली होती. बाई थांबल्या की चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं, टक टक. त्या ठेक्यावर त्रिशलाबाई पाऊल उचलायच्या. पट्टीपेक्षा आपली टकटक जास्त चालते, हे मगदूम भेटेल त्याला सांगायचे.

त्रिशलाबाई गेल्या. वर्ष उलटलं तरी पट्टी खुंटीवर होती. ती घरात बघवेना आणि कचऱ्याच्या गाडीत टाकवेना, म्हणून एका रविवारी मगदुमांनी ती पिशवीतून नेली आणि कुणी बघत नाहीसं बघून पेटीत सोडली. न धुता सोडली. धुवायला हात होईना. कुणीतरी आतली इवलीशी मोटर काढून घेईल आणि बाकीचं टाकून देईल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. दुसरा कुणी असता तर त्यानं पट्टी नदीला अर्पण केली असती किंवा ट्रंकेत ठेवली असती. ती भंगाराच्या पेटीत टाकायची बुद्धी फक्त किडेवाल्यालाच व्हायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जमादार सिस्टरांनी नवा किडा आणला. नूरजहाँ जमादार मेंदूविकारांच्या वॉर्डात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. किडा गच्चीवर सोडला तर त्याची चाल न्यारीच. तीन आखूड पावलं भरभर, चौथं ओढल्यासारखं. कुणी म्हणालं शिवणयंत्र, कुणी म्हणालं नोटा मोजायचं यंत्र. सिस्टर नुसत्या हसत होत्या. मगदुमांनी मान वर केली नव्हती, ते सोल्डरिंगमध्ये गढलेले होते. मग तहान लागली म्हणून उठले आणि जिन्याच्या दाराकडं निघाले. पाण्याचा पिंप दाराच्या आत होता.

किडाही त्याच दाराकडं चालला होता. दगडी उंबऱ्यापाशी पोचला आणि थांबला. सूर्यपट्टीवर सावली आली असेल, असं कुणीतरी म्हणालं. पण ऊन तर त्याच्या पाठीवर लख्ख पडलं होतं. मोटर घूं घूं करत होती, पुढचा पाय जागच्या जागी थरथरत होता आणि पाऊल काही पडत नव्हतं. मगदूम त्याच्या मागं उभे होते. हात चौकटीवर होता. मनात काही यायच्या आत त्यांच्या बोटानं चौकटीवर दोनदा ठोकलं, टक टक. किड्यानं पाय उचलला, उंबरा ओलांडला, आणि तीन आखूड पावलं टाकून चौथं ओढत तो आत गेला.

पाणी न पिताच ते परत आले आणि सतरंजीवर बसून राहिले.

उठताना त्यांनी सिस्टरांना सांगितलं, की तुमच्या किड्याची डावी मोटर अडकते आहे, आठ दिवस माझ्याकडं द्या, बघतो. मोटर अडकत नाही, छान चालतो की, असं सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण मगदुमांच्या तोंडाकडं बघून त्यांनी किडा रुमालात गुंडाळून दिला. आपण केलेला नियम आपणच मोडत नाही आहोत, अशी मगदुमांनी घरी जाईपर्यंत स्वतःची समजूत घातली. परत कुठं मागितलं? दुरुस्तीला तर घेतलं.

स्टेशनच्या मागं त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं. सकाळी नऊ ते अकरा मधल्या खोलीत खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, तो सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मगदुमांनी किडा उलटून बघितला, सिस्टरांनी तुकड्याबरोबर चालपट्टीतला डोळा आणि चकतीही जोडली होती. मग त्यांनी तो त्या पट्ट्यात ठेवला आणि मागं मागं चालू लागले. उंबरा आला. किडा थांबला. मगदुमांनी चौकटीवर टक टक केलं आणि घड्याळ बघितलं. अकरा सेकंदांनी पाय सुटला. किडा आत गेला. मगदूम तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि दीड वर्षात आलं नव्हतं ते रडू त्यांना आलं.

नंतरचे दिवस मजेत गेले म्हटलं तर खोटं नाही. घर बोलत नव्हतं, पण घरात चालणारं कुणीतरी होतं. त्रिशला सून म्हणून आली तेव्हाची चाल वेगळी होती, ही आजारातली होती, पण होती तर तिचीच. ते किड्याशी बोलायचे. आज गवारीची भाजी, पाटलांच्या घरी पाहुणे, पाच नंबरची गाडी उशिरा. दिवे लागायच्या आत जेवायची घरची रीत त्यांनी अधूनमधून सोडली होती, ती पुन्हा धरली. रोज वीस-पंचवीस वेळा ते किड्याला उंबऱ्यापर्यंत न्यायचे, थांबवायचे आणि टकटक करून सोडवायचे. आपल्यावाचून हिचं अडतं, हे सुख फार दिवसांनी मिळत होतं.

पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की टकटकीनंतर सुटायला लागणारा वेळ अकरा सेकंदांवरून नऊवर आला आहे. आखूड पावलंही कधी तीन, कधी चार. त्यांनी मल्टिमीटर काढला, तुकड्याच्या सोळा पायांवरचे अडथळे मोजले, कागदावर मांडले. दुसऱ्या दिवशी परत मोजले. काय होतंय ते कळायला वेळ लागला नाही, आणि खरं तर ते त्यांना आधीच कळायला हवं होतं. तुकडा मेलेला नव्हता, तो अजून शिकत होता. आता त्याला चार काड्यांचे पाय होते, वजन वेगळं होतं, फरशी वेगळी होती. प्रत्येक चालण्याबरोबर वीज नव्या वाटेनं जात होती आणि जुनी वाट बुजत होती. त्रिशलाची चाल बघायची तर किडा चालवायला हवा, आणि चालवला की ती चाल तेवढी पुसली जाणार. गणित मांडलं तर साधारण पाचशे वेळा उंबरा ओलांडेपर्यंत सगळं संपत होतं. त्यातले सव्वाशे त्यांनी हौसेहौसेनं उधळले होते.

तेव्हापासून दिवसातून एकदाच. सकाळी आंघोळीनंतर एकदा, मग किड्यावर कापड.

पुढच्या गुरुवारी जमादार सिस्टर आपणहून आल्या. रविवारी मगदूम गच्चीवर दिसले नाहीत, म्हणून चौकशीला. मगदुमांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहा ठेवायला आत गेले. गॅसपाशी ते दुधावर नजर ठेवून उभे होते. बाहेर सिस्टरांनी किड्यावरचं कापड काढलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, की अण्णा, कुठं अडकतो म्हणता हा, दोनदा उंबरा ओलांडून आला. मगदुमांनी मागं वळून बघितलं. किडा स्वयंपाकघरात होता, सिस्टरांनी वाकून उचलून तो परत उन्हात ठेवला. तो पुन्हा चालत आला आणि न थांबता आत आला.

मगदूम चहाचा ट्रे घेऊन बाहेर निघाले. किडा परत उंबऱ्याकडं येत होता. टाच फरशीवर आपटली, ठाण्. किडा जिथं होता तिथं थांबला. पुढचा पाय थरथरायला लागला.

सिस्टरांनी किड्याकडं बघितलं, मग मगदुमांच्या पायाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडं. चालपट्ट्या त्यांनी वॉर्डात शेकड्यांनी बांधल्या होत्या. तुकडा कशातला हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. कुणाचा, हे त्यांनी नियमाप्रमाणं विचारलं नव्हतं. चहा अर्धा झाल्यावर मगदुमांनीच विचारलं.

"सिस्टर, तुमचे पेशंट कशाकशानं थांबायचे?"

"दारानं थांबायचे. वळणानं थांबायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि कुणी घाई केली की हमखास थांबायचे, अण्णा. मागं कुणी घड्याळ बघत उभं राहिलं, तरी थांबायचे."

किडा सध्या राहू दे तुमच्याकडं, एवढं म्हणून त्या गेल्या.

मगदूम सिग्नलवाले होते. तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांच्या हाडीमाशी मुरलेली गोष्ट. पुसलं जाणार हे माहीत असून त्यांनी दुसऱ्या दिवशी तपासणी केली. भिंतीशी हलायचं नाही असं बसून दहा वेळा किडा सोडला, दहाही वेळा तो उंबरा सरळ ओलांडून गेला. आपण चालत असताना दहा वेळा सोडला, दहाही वेळा थांबला. मग शेजारच्या सुशीलाकाकू पाटलांना काहीतरी निमित्त काढून बोलावलं आणि त्यांना मधल्या खोलीतून ये-जा करायला लावली. काकू चांगल्या वजनदार, फरशी हादरायची. किडा त्यांच्या पायातून खुशाल चालत गेला. डोळा उंबरा बघत होता, पण थांबायचं की नाही ते उंबरा ठरवत नव्हता. चकतीला एक ओळखीची थरथर लागत होती, ताठ गुडघ्याच्या माणसाची.

जाता जाता काकू फोटोपाशी थांबल्या. काकूंचा स्वभाव गोड, बिचारीला कसली कल्पना नव्हती. त्या म्हणाल्या, त्रिशलाताईंची फार आठवण येते, रविवारी सकाळी कशा झपाझप यायच्या जैन बस्तीत दर्शनाला, दोन पायऱ्या कुणाचा हात न धरता चढायच्या. हे काकूंनी दिवसकार्याच्या वेळीही सांगितलं होतं. तेव्हा मगदुमांना वाटलं होतं, मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात, त्यातलंच हे.

रविवारी सकाळी. म्हणजे ते मंडळात गेलेले असताना. दर रविवारी साडेनवापासून त्रिशला त्यांच्या मागं लागायची, जावा की, किडे वाट बघत असतील तुमचे. आपल्या छंदाची हिला केवढी कदर, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं होतं.

त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. आवाजसुद्धा चढवला नव्हता. फक्त दवाखान्याची वेळ झालेली असायची, दिवे लागायच्या आत जेवण उरकायचं असायचं, गॅसवर दूध असायचं. ते ठाण् ठाण् करत येऊन मागं उभे राहायचे आणि घड्याळ बघायचे. तिला तो आवाज बैठकीच्या खोलीपासून ऐकू येत असणार. आवाज आला की तिचे पाय गोठायचे, आणि मग हे टकटक करून तिला सोडवायचे आणि लोकांना कौतुकानं सांगायचे. दार लावणारेही तेच आणि उघडल्याची शाबासकी घेणारेही तेच. सहा वर्षं ती हे बोलली नाही.

त्यांनी किडा स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा कपाटात ठेवला. अंधारात वीज नाही, वीज नाही तर शिकणं नाही. तुकडा आहे तसा राहील, त्यांच्यानंतरही राहील. उरलेल्या त्रिशलाला असं जपता येत होतं. आठ दिवस त्यांनी कपाट उघडलं नाही. पण घरात चालताना ते चवड्यावर चालायला लागले. ताठ गुडघ्यानं ते जमत नाही, एकदा तोल जाऊन पडता पडता वाचले. कपाटासमोरून जाताना तर ते श्वास रोखायचे. डब्यात बंद असलेल्या वस्तूला काही ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी आत कुणीतरी आपली चाहूल घेत थांबलं आहे, हे मनातून जाईना. घरात एकटं राहणं त्यांना जमत आलं होतं. आपल्याला भिणाऱ्याबरोबर राहणं जमेना.

दुसरा मार्ग होता, आणि तो दिसायला फार अक्कल लागत नव्हती. जे शिकलं जातं ते बुजवताही येतं. त्यांनी जवळ यायचं, टाच वाजू द्यायची, आणि मग काही करायचं नाही. ठोकायचं नाही, हलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. किडा आपल्या मनानं निघेपर्यंत थांबायचं. असं पुरेशा वेळा झालं की टाच आणि भीती यांच्यामधली वाट बुजेल. अडचण एवढीच, की त्याच तुकड्यात तीन आखूड पावलं होती, चौथं ओढलेलं होतं, वळताना डावीकडं झुकणं होतं. भीती तेवढी काढून बाकीची त्रिशला ठेवता येत नव्हती. दोन दिवस त्यांनी कागदावर काही जमतंय का ते बघितलं. जमण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी मनगटातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि डबा बाहेर काढला.

पहिल्या दिवशी किडा उंबऱ्यापाशी थांबला तो थांबलाच. मगदूम मागं उभे राहिले. गुडघा दुखायला लागला तेव्हा खाली बसले. हात चौकटीकडं जायला बघत होता, तो त्यांनी मांडीखाली घेतला. उन्हाचा पट्टा फरशीच्या एका चौकोनातून दुसऱ्यात गेला, किड्याला उन्हात ठेवण्यासाठी त्यांनी खिडकीचं एक दार हलक्या हातानं लोटलं. किडा थरथरत होता. फार वेळानं त्यांना बोलावंसं वाटलं.

"सावकाश," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाही."

किड्याला आवाज कळत नव्हता, फक्त फरशी कळत होती. अर्ध्या तासाच्या वर झालं असेल, तेव्हा त्यानं पाऊल उचललं.

मग रोज. सकाळी ऊन आलं की सुरू, ऊन गेलं की बंद. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, दहाची चार. चाल बदलत होती ते त्यांना मोजल्याशिवायही दिसत होतं. ओढलेलं पाऊल एका सोमवारी गेलं. त्या दिवशी त्यांनी किडा हातात घेऊन बराच वेळ धरला आणि पुढं चालू ठेवायचं की नाही याचा विचार केला. डब्यात ठेवला तर अजून थोडी उरली होती ती. वळताना झुकणं होतं, दोन आखूड पावलं होती. त्यांनी किडा खाली ठेवला. टाच आपटत मागं गेले आणि बसले. मार्च संपेपर्यंत आखूड पावलंही गेली. किडा आता एकसारखा चालायला लागला, मंडळातल्या कुठल्याही किड्यासारखा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मगदूम स्वयंपाकघरातून बाहेर येत होते आणि किडा समोरून येत होता. ते नेहमीसारखे चालत आले, ठाण्, ठाण्. किडा थांबला नाही. उंबऱ्यावर चढला, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला घासून पुढं गेला आणि आत जाऊन मोरीच्या कठड्याला टेकला. त्यांनी उचलून परत ठेवला, मुद्दाम जोरात चालले. तो परत गेला. तिसऱ्यांदा त्यांनी काही केलं नाही. उभे राहून त्याच्या पाठीकडं बघत राहिले. एवढ्यानं तिचं सहा वर्षांचं थांबणं भरून निघत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. ती नव्हती. आता तिचं काहीही नव्हतं. घर फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

दुपारी त्यांनी सिस्टरांना फोन लावला.

"किडा चांगला झाला," ते म्हणाले. "येऊन घेऊन जावा."

सिस्टरांनी विचारलं, की काय झालं होतं त्याला, मोटर होती का.

मोटर होती म्हणायला काहीच हरकत नव्हती, सिस्टरांनी ते मानलंही असतं.

"मोटर नव्हती," ते म्हणाले. "मला भीत होता."

मग सिस्टरांनी, त्या दिवशी चहाला बसल्या होत्या त्याच आवाजात, विचारलं, "आणि आता?"

"आता नाही भीत," मगदूम म्हणाले. "आता ओळखतही नाही."